दिलेली मूठ

गुरुजी गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसून वाचत होतो. त्यांची नजर अधू झाल्यापासून दुपारी त्यांना वाचून दाखवायचा माझा नेम होता. वाक्य आवडलं की ते हुंकार देत. त्या दुपारी हुंकार थांबला. ऐकता ऐकता डोळा लागला असेल म्हणून मी आणखी एक पान वाचलं आणि मग वर पाहिलं.

तेव्हापासून लोक समाचाराला माझ्याकडे येतात. गुरुजींना मूलबाळ नव्हतं आणि गावाच्या लेखी त्यांचा मुलगा मीच होतो. आलेला माणूस चहा घेतो आणि उठताना म्हणतो, "मास्तर, गुरुजींवर तुमीच लिहायला पायजे. ती त्यागाची गोष्ट तर लिवाच." मी मान हलवतो. ती गोष्ट आमच्या भागात लहानथोरांना पाठ आहे. ती माझ्याबद्दलची गोष्ट आहे आणि ती खरी नाही.

लिहायला बसलो की हात जड होतो. मला त्यांची आठवण येते, हे आधी सांगून टाकतो. दुपार झाली की पाय आपोआप त्यांच्या घराकडे वळतात. मला अक्षरओळख त्यांनी करून दिली. पुस्तक कसं धरावं, पान कसं उलटावं, खूण म्हणून पान दुमडू नये, पिंपळाचं वाळलेलं पान ठेवावं, हे सगळं त्यांचंच. माझ्या वडिलांनी मला शेत दिलं आणि गुरुजींनी बाकीचं सगळं दिलं, असं मी एके काळी अगदी सहज म्हणत असे.

आमचं गाव दिंद्रुडच्या बाजाराला जाणारं. निजामाचं राज्य होतं. कॉलेज म्हणजे हैदराबाद, आणि तिथलं शिक्षण उर्दूतून. आमच्या बाजूच्या शेतकऱ्याचा मुलगा बीडच्या शाळेपर्यंत पोचला तरी गावाला ते पुष्कळ वाटे. पण पोचलेला मुलगा टिकत नसे. घरात कुणी अंथरूण धरलं, बैल मेला, विहीर आटली, की मुलगा वळकटी घेऊन परत. तो पुन्हा जायचा नाही. गुरुजी म्हणत, "आपली मुलं नापास होऊन परत येत नाहीत. ती एका वाईट महिन्यामुळे परत येतात. तेवढा एक महिना गावानं सांभाळला पाहिजे."

त्यासाठी त्यांनी मुठीची रीत घातली. घरोघर जात्याजवळ एक गाडगं टांगायचं. पहाटे दळायला बसण्याआधी बाईनं जोंधळ्याची एक मूठ त्यात टाकायची आणि मग जात्याला हात लावायचा. शनिवारी शाळेची मुलं गाडगी रिकामी करून आणत आणि ते धान्य मारुतीच्या देवळामागच्या पेवात पडे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, वरून अरुंद आणि आत पोटासारखं. शिकायला बाहेर गेलेल्या मुलावर वाईट महिना आला की ते पेव फोडायचं, जोंधळा परळीच्या अडतीवर विकायचा आणि ते पैसे त्या मुलाला द्यायचे. परत मागायचे नाहीत.

पुरुषांना ही कल्पना लगेच पटली, कारण मूठ त्यांच्या हातची नव्हती. बायकांनी प्रश्न विचारले. आमच्या शेजारी एक विधवा बाई राहत. सगळी आळी त्यांना मावशी म्हणे. जीभ तिखट. त्या गुरुजींना म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या पोरी काय कालेजात जायच्या न्हाईत. मंग आमी मूठ कावून टाकायची?"

"तुझ्या पोरीला शिकलेला नवरा मिळेल."

"मंग तर टाकतच न्हाई. शिकलेला नवरा पुस्तकात तोंड घालून बसल, पोरगी एकलीच पानी भरल." आळी हसली, गुरुजीही हसले. मावशींनी गाडगं टांगलं.

अडचण पुढे आली. उन्हाळा लागला की घरातलं पीठ संपे आणि बायका गाडग्यातलीच मूठ काढून दळत. शनिवारी मुलं जात तर गाडग्याचा तळ दिसे. तेव्हा गुरुजींनी बायकांना देवळात बोलावलं. मी तिथे होतो. ते म्हणाले, "गाडग्यात पडलेली मूठ तुमची राहिली नाही. ते दान झालं. दिलेलं दान माघारी घेतलं तर घरातल्या मुलाला विद्या फळत नाही." त्यानंतर गाडगी भरलेली सापडू लागली.

माझी आई सुरुवातीला मूठ टाकताना मोकळेपणानं म्हणे, "आपलं पोरगं जाईल तवा आपल्याला बी व्हईल." देवळातून आल्यावर तिनं हे म्हणायचं सोडलं. मूठ मात्र कधी चुकवली नाही. एका साली आमच्याकडे जोंधळा इतका थोडा आला की तिनं भाकरी लहान केली. मूठ लहान केली नाही.

मी बीडहून पास झालो आणि मला हैदराबादेस प्रवेश मिळाला. गावातून त्या वर्षी दोघे गेलो. दुसरा मालकांचा पुतण्या. मालक म्हणजे गावाची निम्मी जमीन ज्यांची ते. त्यांचं नाव कुणी घेत नसे, घेण्याची गरजही पडत नसे. पुतण्या आधीच गेला होता. मला परळीच्या स्टेशनावर सोडायला गुरुजी बैलगाडीतून आले. त्यांनी स्वतः कॉलेज कधी पाहिलं नव्हतं. डब्याच्या लाकडी दारावरून त्यांनी हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. म्हणाले, "घरची काळजी करायची नाही. मागे पेव आहे. वाईट महिना आलाच तर मला एक शब्द टाक." गाडी हलल्यावर ते थोडं धावलेही. मोठ्या माणसाला असं धावताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

हैदराबादबद्दल लिहायचं तर मी एकच जागा लिहीन, कॉलेजचं वाचनालय. उंच खिडक्या, लांब मेजं, आणि कुणी बोलत नाही. मला मुळात बोलायला कमी लागतं. इथे तर न बोलणं हाच नियम. मी अडखळत उर्दू वाचायला शिकलो, मग न अडखळता. बी. ए. व्हायचं आणि बीडच्या मोठ्या शाळेत शिकवायचं, एवढंच मला हवं होतं. तेवढं मात्र फार हवं होतं.

दुसऱ्या वर्षी थंडीत गावात पटकी आली आणि वडील गेले. निरोप मिळून मी पोचलो तेव्हा राख गार झाली होती. निघताना वसतिगृहाच्या मोहतमीम साहेबांनी, म्हणजे तिथल्या व्यवस्थापकांनी, मला बोलावून घेतलं होतं. कडक म्हातारा माणूस. ते म्हणाले होते की खोलीचं आणि परीक्षेच्या फीचं होळीच्या आत भरलं पाहिजे, नाहीतर नाव खारिज होईल, आणि ते त्यांच्या हातात नाही. वडील बाजारात जे काही विकत त्यातून मला पैसे येत. आता विकणारं कुणी नव्हतं. म्हणजे गुरुजी सांगत तो वाईट महिना माझ्यावर आला होता.

तेरावा झाल्यावर मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. वडिलांसाठी ते रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "याच दिवसासाठी पेव भरलं. शनिवारी पंचांपुढे ठेवतो. तू पुस्तकं बांधायला घे." मी घरी येऊन खरंच पुस्तकं बांधली.

शनिवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर सगळे जमले. मालक मधोमध, शेजारी गुरुजी, खाली गाव. पेव आजवर कधी फोडलं नव्हतं. त्यामुळे माणसं जत्रेला यावीत तशी आली होती. गुरुजींनी माझी अडचण थोडक्यात सांगितली. ते बसले. तेव्हा मालकांच्या बाजूचा एक म्हातारा म्हणाला, "समदं खरं. पर पेव पयल्यांदा फुटायचंय. पयला मान कुनाचा?"

आमच्याकडे हा प्रश्न कुठेही निघतो. पोळ्याला मालकांचा बैल सुटल्याशिवाय दुसऱ्याचा बैल वेशीतून जात नाही. होळीत पहिला नैवेद्य त्यांचा. माणसांना तो प्रश्न वावगा वाटलाच नाही. मला मात्र कळेना की मदतीत मान कसला. खालून एक शेतकरी म्हणाला, "मान घ्यायला आधी अडचण लागती का न्हाई? मालकाच्या पुतण्याला कसली अडचण? तूप जास्ती झालं व्हय?"

लोक खदखदून हसले. मालकही हसले. मग ते हलक्या आवाजात बोलले. त्यांना मोठ्यानं बोलावं लागत नसे. "मान ऱ्हाऊ द्या. नेमानं करू. गुरुजी, तुमीच सांगितलं न्हवतं का, दिलेलं दान माघारी घेतलं तर विद्या फळत न्हाई म्हून? मंग ज्या घरानं मूठ टाकली त्या घरानं ती घ्यावी कशी? त्या पोराचंच वाईट व्हायाचं. आमच्या घरातून एक मूठ आली न्हाई. घ्यायला आमाला दोष न्हाई."

कुणी हसलं नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. बोलण्यात खोट काढता येत नव्हती. मूठ सगळ्यांनी टाकली होती, ज्यांना कधीतरी ती लागणार होती त्या सगळ्यांनी. जिथून पडली नव्हती असं एकच घर होतं.

मी गुरुजींकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. "ते मी बायकांना समजवायला म्हटलं होतं," एवढं त्यांनी म्हणायचं होतं. ते उपरण्याच्या काठाचा दोरा ओढत बसले होते. दोरा तुटल्यावर म्हणाले, "बोललो होतो खरा." मग, "ज्यांची मूठ आहे त्यांनाच विचारू."

आई नुकतीच विधवा झालेली. ती कशाला चारचौघांत येते. तेव्हा गुरुजी स्वतः माझ्याबरोबर आमच्या घरी आले. वाटेत मला वाटलं, बरं झालं, इथे ते मोकळेपणानं बोलतील, आईला समजावतील. आई आतल्या खोलीत कोपऱ्यात बसली होती. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "बाई, गाडग्यात टाकलेली मूठ तुम्ही माघारी घ्याल का?"

पोराची फी भरायची का, असं नाही विचारलं. पोराला कॉलेजात ठेवायचं का, असंही नाही. मी आजवर मुलांना खूप प्रश्न घातले आहेत. उत्तर काय हवं आहे ते प्रश्नात कसं बसवतात, हे मला चांगलं कळतं. ती विद्याही मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आई आतून म्हणाली, "न्हाई गुरुजी. दिलेली मूठ माघारी कशी घेऊ? त्याला विद्या फळंल का मंग? घरातला मानूस गेलाय. आनिक पाप न्हाई जोडायचं."

"गुरुजी, आईला नीट सांगा ना," मी म्हणालो.

"तिनं सांगितलं ना," ते म्हणाले आणि वळले. माझ्याकडे पाहिलं नाही. देवळात जाऊन त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकायला गेलो नाही. पेवाचा दगड सरकवल्याचा आवाज तेवढा घरात आला. आतली हवा कोंदट असते म्हणून आधी दोरीनं दिवा सोडतात. दिवा तेवत राहिला तर माणूस उतरतो. दिवा तेवला असणार. दुपारी मालकांच्या गाड्या पोती घेऊन परळीच्या वाटेला लागलेल्या मी दारातून पाहिल्या.

संध्याकाळी मावशी आल्या आणि उंबऱ्यातूनच आईवर तुटून पडल्या. "येडी हायेस का गं? देव खातो व्हय ती मूठ? पेवात उंदरं खात्यात ती चालती, आन् पोरानं खाल्ली तर पाप?"

"गुरुजी म्हनले तेच खरं," आई म्हणाली.

"गुरुजी लई म्हनत्यात. म्हनायला काय लागतं, त्येंच्या घरी जातं कुठं हाय?"

मावशी तिथे थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या आळीतून फिरल्या. "गाडग्यात टाकू नगा. ह्या पोराच्या पोत्यात टाका. पोतं काय दान न्हवं. उसनं समजा, न्हाईतर पोराला खाऊ समजा." आणि बायका आल्या. सुपात, पदरात, कुणी नुसत्या ओंजळीत घेऊन. बोलत नसत. ओट्यावरच्या पोत्यात टाकत आणि आईला दिसू नये म्हणून लगबगीनं जात. आई आतून सगळं ऐकत असे. ती त्या पोत्याला हात लावत नव्हती आणि त्यांना नकोही म्हणत नव्हती. पोतं उभं राहू लागलं. होळीला अजून अवकाश होता. मी पुन्हा पुस्तकं बांधली.

मग गुरुजी आळीत आले. मी ओट्यावर होतो. ते माझ्याशी बोलले नाहीत, बायकांशी बोलले. "बायांनो, गाडगी रिकामी राहिली तर पुढच्या मुलांचं काय?"

"पुढची पोरं पुढं बघू," मावशी म्हणाल्या. "हे पोर आत्ता हाय."

"मालकांनी जागा काढून घेतली तर शाळा भरवू कुठे? खाजगी शाळा बंद करा म्हणून वरून हुकूम येताहेत. तहसीलदारापुढे मालकांचा शब्द आहे म्हणून आपली चालली आहे. तो शब्द गेला तर तुमची पोरं उद्यापासून गुरं राखतील. एकासाठी सगळ्यांची शाळा घालवायची का, तुम्हीच सांगा."

त्या दिवशी मला कारण कळलं. तेही आळीबरोबर, रस्त्यावर. शाळा वाचवायची होती हे खरं होतं. मालकांच्या एका शब्दावर ती उभी होती हेही खरं. हे त्यांनी मला आधी एकट्याला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही. त्यांनी मला ती संधीच दिली नाही. कदाचित मी स्वतःच म्हणालो असतो, गुरुजी, राहू द्या. पण ते माझं म्हणणं झालं असतं.

मावशींनी काहीतरी पुटपुटून दार लावून घेतलं. बाकीच्यांची मुलं शाळेत होती. दुसऱ्या दिवसापासून पोत्यात मूठ पडली नाही. अर्धवट भरलेल्या पोत्यातला जोंधळा आईनं माझ्या हातून जिच्या तिच्या घरी परत पाठवला. आपल्या ओट्यावर दुसऱ्याचं दान नको, म्हणाली.

होळी झाल्यावर मी हैदराबादेस गेलो, तो अंथरूण आणायला. मोहतमीम साहेबांनी माझं नाव खारिज झाल्याचं सांगितलं. त्यांचा कडकपणा कुठे गेला होता कोण जाणे. त्यांनी विचारलं, "बेटा, गांव में कोई नहीं था?" मला उर्दू तोवर चांगलं येऊ लागलं होतं, पण मी नुसतं "जी" म्हणालो आणि अंथरूण बांधायला गेलो.

मालकांच्या पुतण्यानं मला खोलीवर नेऊन चहा पाजला. तो वाईट मुलगा नव्हता. म्हणाला, "मला कशाला पायजे होते बे ते पैसे. काका म्हनले, मान हाय, सोडायचा न्हाई. अजून तसेच हायेत. घे तू." मुदत गेली होती. तसं मी सांगितलं. तो म्हणाला, "मंग आधी का न्हाई बोलला?" मी चहा संपवला. वाचनालयाकडे न जाता स्टेशनावर गेलो.

गुरुजींनी मला शाळेत घेतलं. त्यांना दुसरा शिक्षक हवाच होता आणि मला दुसरं काही येत नव्हतं. मी शेत वाट्यानं दिलं आणि शिकवू लागलो. पुढल्याच साली गावातल्या एका मुलाला बीडच्या शाळेत अडचण आली. त्याची आई रोज मूठ टाकणारी. पेव फुटलं आणि पैसे त्याला मिळाले. मालकांचा मान एकदा होऊन गेला होता. आता त्यांना त्यात गोडी नव्हती. मी गुरुजींना विचारलं, "मग दान माघारी घ्यायचा नियम?" ते पाटीवर लिहीत होते. न वळता म्हणाले, "नियम माणसांसाठी असतात."

मी खडूचा डबा जागेवर ठेवला आणि माझ्या वर्गावर गेलो.

हे सगळं मी कधीतरी पचवलं असतं असं मला वाटतं. माणूस भितो, जागा वाचवतो, एकाला सोडतो. मी मास्तर आहे, पन्नास पोरांना एका खोलीत सांभाळताना मीही एखाद्याला सोडतो. पण पुढे गुरुजी दुसऱ्या गावांतून मुठीची रीत घालू लागले. शिरूरच्या बाजूला एका गावी ते मला घेऊन गेले. कोरडा मुलूख, बायका हात आखडता घेत होत्या. तेव्हा गुरुजी म्हणाले, "आमच्या गावात एक विद्यार्थी आहे. हैदराबादेस कॉलेजात होता. बाप मेला. आम्ही पेव फोडून त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, माझ्या आईनं दिलेली मूठ मी माघारी घेणार नाही, माझ्याहून गरजू असेल त्याला द्या. कॉलेज सोडलं आणि गावच्या पोरांना शिकवायला बसला. तो हा." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एक म्हातारी पुढे आली आणि तिनं माझ्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

परतताना गाडीत मी विचारलं, "गुरुजी, मी नको कधी म्हणालो?"

"तुझ्या घरानं म्हटलं. तेच ते." मग थोड्या वेळानं, प्रेमानं, "आज किती घरांनी गाडगी टांगली पाहिलंस ना? तुझं कॉलेज गेलं ते वाया गेलं नाही."

त्यांचा त्यावर विश्वास होता. मला वाटतं सुरुवातीला नसावा. पण सांगून सांगून बसला. प्रत्येक गावी ती गोष्ट थोडी वाढत गेली. कधी मी पैसे हातात घेऊन परत केले, कधी मालकांनी आग्रह केला आणि मी ऐकलं नाही. आईच्या कानांवरही ती आली. म्हातारपणी ती आल्यागेल्याला सांगे, "माझ्या पोरानंच न्हाई म्हनलं. म्या म्हनले घे, पर त्यानं न्हाई घेतलं." ती असं सांगू लागली तेव्हा मी समोरून उठून जात असे. ती त्याच समाधानात गेली. मावशी तिच्या आधी गेल्या होत्या. खरं माहीत असलेली माणसं अशी एकेक करून कमी झाली.

आणि मी दर दुपारी गुरुजींना वाचून दाखवत राहिलो. का, ते लोकांना विचारायची गरज पडली नाही, कारण त्यांना गोष्ट माहीत होती. त्यांच्या शेवटच्या वर्षात मी वाट पाहत होतो. पुस्तकात कुठे गुरू, कुठे शिष्य, कुठे शब्द मोडलेला, असं काही आलं की मी सावकाश वाचत असे, थांबत असे. ते म्हणत, "थांबलास का? वाच ना." एकदा म्हणाले, "तुझ्यासारखा निरिच्छ विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही." मी पान उलटलं.

परवा शाळेच्या मैदानात शोकसभा झाली. लांबून लांबून माणसं आली. कुणी कंपाउंडर, कुणी तलाठी, कुणी मास्तर. प्रत्येकाला कधी ना कधी मुठीनं तारलेलं. त्यांचं रडणं खरं होतं. एकानं तर मला मिठीच मारली. म्हणाला, "मास्तर, तुमच्या त्यागावर आमी शिकलो." अध्यक्ष मालकांचा पुतण्या. आता तोच मालक आहे, केस पांढरे झालेत. सगळ्यांची भाषणं झाल्यावर तो म्हणाला, "आता मास्तर ती गोष्ट सांगतील. त्यांच्या तोंडून कुनीच ऐकली न्हाई."

मी उठलो. मला मोठ्यानं बोलायची सवय आहे ती फक्त वर्गात, तसा बोललो. "मी नाकारलं नव्हतं. मला कॉलेजात राहायचं होतं. मी गुरुजींकडे मागितलं होतं. गुरुजींनी दिलं नाही."

थोडी चुळबुळ झाली. मग पुढच्या रांगेतल्या तलाठ्यानं डोळे पुसले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बघा, आजसुद्धा मोठेपना घेत न्हाईत." ते मागे मागे पोचत गेलं. माणसं माना हलवू लागली.

मी अध्यक्षांकडे वळलो. "तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगा."

तो माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "आता कावून, मास्तर? गेलं ना मानूस." मग सरळ उभा राहून त्यानं सभेला सांगितलं, "गुरुजींसाठी दोन मिनिटं शांत उभं ऱ्हाऊ या."

सगळे उठले. मी उभाच होतो. माना खाली गेल्या, मैदान गप्प झालं. त्या शांततेत मला रडू कोसळलं, वडील गेले तेव्हाही आलं नव्हतं एवढं. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. माझं दुःख त्याला कळलं आहे, अशा खात्रीनं.